पावसाआधीचा एक रविवार द्या

नदीकाठच्या शहरांतल्या पतसंस्था, नागरी बँका, दूध संघ, रुग्णालयं आणि शिक्षणसंस्था यांचे अध्यक्ष, संचालक आणि व्यवस्थापक यांस,



मे महिना अर्धा सरला. वळवाचे दोन पाऊस होऊन गेले. आपल्याकडे लेखापरीक्षणाची धावपळ सुरू असेल आणि लवकरच वार्षिक अहवाल छापायला जाईल. त्यात दरवर्षीची एक ओळ याही वर्षी असेल: ‘संस्थेचे कामकाज पूर्णपणे संगणकीकृत असून माहितीचा नियमित बॅकअप घेतला जातो.’

गेली २२ वर्षं मी अशा संस्थांच्या संगणकांची कामं करतो. ती ओळ खोटी नसते, हे मी माझ्या माहितीवर सांगू शकतो. बॅकअप खरंच घेतला जातो. माझी चिंता त्याच्या पुढची आहे, आणि ती नीट कळावी म्हणून आधी एक हकीकत सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर ओसरल्यावर सांगलीतल्या एका पतसंस्थेत मला बोलावलं होतं. शटर अर्ध्यावर अडकलं, कारण खाचेत गाळ बसला होता. वाकून आत गेलो. या संस्थेनं हयगय केली नव्हती, हे मुद्दाम सांगतो. २००५ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याची तेलरंगाची रेघ त्यांनी भिंतीवर मारून ठेवली होती, आणि सर्व्हरची लोखंडी मांडणी त्या रेघेच्या फूटभर वर ठोकली होती. पण २००५ साली आयर्विन पुलापाशी कृष्णा ५३ फुटांच्या पुढे गेली होती. २०१९ साली ती ५७ फुटांच्या पुढे गेली. रेघ, मांडणी आणि सर्व्हर, सगळंच पाण्याखाली गेलं. त्या पुरात सांगली-कोल्हापुरात किती घरांचा, किती दुकानांचा असाच घात झाला, हे आपल्याला माहीत आहे. ‘पाच सालात इथवर आलं होतं’ या एका वाक्यावर विसंबून माणसं माल चार पायऱ्या वर ठेवून गेली होती.

बॅकअपची हार्ड डिस्क तिजोरीत होती. चोरापासून सुरक्षित, आगीपासून सुरक्षित. व्यवस्थापकांनी ती रुमालात गुंडाळून आणली आणि माझ्या हातात दिली. मी ती कानापाशी धरून हलवली, तर प्लॅस्टिकच्या कवचात पाणी खुळखुळलं. आम्ही दोघं काही बोललो नाही.

मग त्यांना आठवलं, दर शनिवारी एक प्रत पेन ड्राइव्हवर दुसऱ्या शाखेत जाते. ती शाखा उंचावर, कोरडी. पेन ड्राइव्ह मिळाला. उघडला तर शनिवारच्या तारखा ओळीनं लावलेल्या, शेवटची ३ ऑगस्ट. खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी ३ ऑगस्टची फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवली, तेरीज काढली, आणि आली ती ३१ मार्चची. २७ जुलैची उतरवली, तीही ३१ मार्चची. एप्रिलमध्ये संस्थेनं सॉफ्टवेअर बदललं होतं, आणि नवी माहिती दुसऱ्याच जागी साठत होती. बॅकअप मात्र जुन्या जागेवरूनच उचलला जात होता. अठरा शनिवार एक कर्मचारी इमानेइतबारे तीच फाइल नव्या तारखेचं नाव देऊन नेऊन ठेवत होता. नोंदवहीत प्रत्येक शनिवारपुढे त्याची सही होती.

एप्रिल ते ऑगस्ट, चार महिन्यांची किर्द पुन्हा उभी करायची होती. व्हाउचरचे गठ्ठे गच्चीवर दोऱ्या बांधून वाळत घातले. पिग्मी एजंटांनी आपापल्या डायऱ्या आणल्या. आणि खातेदारांना निरोप धाडले की पासबुक घेऊन या. एक भाजीवाल्या आजी आल्या. घर सोडून नावेत बसताना त्यांनी पासबुक दुधाच्या पिशवीत घालून कमरेला खोचलं होतं. ते टेबलावर ठेवत त्यांनी विचारलं, ‘‘माझे पैसे यातच हाईत न्हवं?’’ त्या वेळी या प्रश्नाचं खरं उत्तर ‘होय’ असंच होतं. संस्थेच्या लाखो रुपयांच्या यंत्रणेत त्यांचं खातं नव्हतं, ते त्या पिशवीत होतं. तेरीज जुळायला दिवाळी उलटली.

म्हणून माझी पहिली विनंती. ‘बॅकअप घेता का?’ हा प्रश्न संचालकांनी विचारणं थांबवावं. त्याला कुठलाही कर्मचारी प्रामाणिकपणे ‘हो’च म्हणेल. असं विचारावं: शेवटचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून, तेरीज काढून, आदल्या दिवसाच्या तेरजेशी कधी ताडून पाहिली? तारीख सांगा. उतरवायला किती तास लागले, तेही सांगा. ज्या प्रतीतून एकदाही काही परत मिळवून पाहिलेलं नाही, तिला मी बॅकअप मानत नाही. मग ती घरच्या डिस्कवर असो की क्लाउडवर.

दुसरी गोष्ट जागेची. बहुतेक संस्था दुसरी प्रत ठेवतात ती सोयीच्या जागी, म्हणजे जवळच्या शाखेत. पण महापूर शाखा बघून येत नाही. २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर एकाच वेळी पाण्यात होते. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीपाशी कित्येक दिवस बंद होता. वीज नव्हती, डिझेल पोचत नव्हतं, म्हणून मोबाइलचे मनोरे बंद पडले, आणि टँकर अडकल्यामुळे पेट्रोल पंप कोरडे झाले. दूध संकलन ठप्प झालं. त्या दिवसांत सांगलीच्या संस्थेची प्रत कोल्हापूरच्या शाखेत असून काय उपयोग? माहितीची एक प्रत नदीच्या खोऱ्याबाहेर हवी, जिथे आपला पाऊस, आपली वीज आणि आपला रस्ता यांचा संबंध येत नाही.

दोन म्हणजे खरोखर दोन असावेत, ही गोष्ट मोठ्यांनाही चुकते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले, ते पावणेचारला सुरू झाले. त्यांच्याकडे दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या होत्या, आणि त्या दिवशी दोन्हींनी दगा दिला. रस्त्यावरचं खोदकाम हे कारण पुढे आलं. चेन्नईला पर्यायी केंद्र उभं होतं, तरी कामकाज तिकडे वळवलं गेलं नाही. आपल्या संस्थेत दोन इंटरनेट जोडण्या असतील, तर त्या इमारतीत कुठून शिरतात ते एकदा स्वतः जाऊन पाहा. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी दोन्ही तारा एकाच पाइपातून, एकाच खांबावरून येतात. जनरेटरचंही तेच. रुग्णालयाचा जनरेटर तळघरात आणि त्याचं डिझेल त्याच्या शेजारी, म्हणजे ज्या दिवशी लागणार त्याच दिवशी तो बुडणार.

शेअर बाजारातल्या त्या घटनेनंतर सेबीनं बाजारांना नियम घालून दिला: महत्त्वाची यंत्रणा कोलमडली तर ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची, आणि तिथून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. यातली ४५ मिनिटं तंत्रज्ञांची आहेत. पहिली ३० मिनिटं मात्र माणसांची आहेत, आणि आपल्या संस्थांत मला जास्त काळजी त्यांची वाटते. कारण संकटात सगळ्यात जास्त वेळ जातो तो ‘कोणी सांगायचं’ यात. कर्मचारी व्यवस्थापकांना विचारतो, व्यवस्थापक अध्यक्षांना फोन लावतात, अध्यक्ष गावाला गेलेले असतात आणि तिथे रेंज नसते. तोवर पायरीला पाणी लागतं.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. संचालक मंडळानं ठराव करावा आणि त्यात पाण्याचे आकडे लिहावेत. सांगलीत आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३ फूट. ठरावात लिहा की आयर्विनला ३५ फूट झालं की सर्व्हर वरच्या मजल्यावर जाईल, आणि ४० फूट झालं की कामकाज उंचावरच्या शाखेतून चालेल. हे करायला त्या दिवशी हजर असलेल्या सर्वांत ज्येष्ठ कर्मचाऱ्याला कोणाच्याही परवानगीची गरज नाही. आणि पाणी आलंच नाही, हलवाहलव वाया गेली, तर त्याला कोणी बोल लावणार नाही. हे शेवटचं वाक्य कागदावर असायला हवं. बोल बसेल या भीतीनंच माणसं शेवटपर्यंत थांबतात.

कृष्णा-पंचगंगेचा पूर निदान वर्दी देऊन येतो. कोयनेतून विसर्ग वाढला की हाताशी काही तास असतात. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पहाटे तेवढाही वेळ मिळाला नाही. त्या दिवशी एस.टी.चे एक अधिकारी आगाराची नऊ लाखांच्या आसपासची रोकड घेऊन, बुडालेल्या बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले. त्यांच्या निष्ठेला माझा मनापासून नमस्कार आहे. पण त्यांचं कौतुक करताना आपण एक प्रश्न विचारायला विसरलो: एका माणसाला जीव टपावर टांगून पैसे सांभाळावे लागले, ही वेळ का आली? आपल्या संस्थेतही असा एखादा माणूस आहे. तो पाण्यात शिरून हार्ड डिस्क आणायला जाईल. त्याच्यावर ती वेळ येऊ न देणं हे आपलं, संचालक म्हणून, काम आहे.

आणि त्या माणसाचं घरही त्याच शहरात असतं, हे लक्षात असू द्या. पूर येतो तेव्हा आपला संगणक विभागाचा मुलगा स्वतःच्या आईवडिलांना नावेत बसवत असतो. सर्व्हरचा पासवर्ड फक्त त्यालाच ठाऊक असेल, तर तो सापडेपर्यंत संस्था बंद. पासवर्ड बंद लिफाफ्यात, दोन जणांच्या सहीनं, दोन ठिकाणी ठेवा. कर्मचारी, संचालक, वीज कंपनी, सॉफ्टवेअरवाले यांचे नंबर कागदावर छापून, लॅमिनेट करून प्रत्येकाच्या घरी लावा. मोबाइलमधले नंबर मोबाइलबरोबर बुडतात.

आता ज्या संकटांत पाण्याचा थेंबही नसतो, त्यांच्याबद्दल. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, माणसं दगावली आणि फायलींचे ढीग जळाले. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, आणि देशातलं एवढं मोठं रुग्णालय दोन आठवड्यांच्या आसपास कागदावर चाललं. जुलै २०२४ च्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना यंत्रणा पुरवणाऱ्या एका कंपनीवर तसाच हल्ला झाला. संसर्ग पसरू नये म्हणून तिला देशाच्या पेमेंट जाळ्यापासून तोडावं लागलं, आणि सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय आणि एटीएम अडलं. त्या बँकांच्या स्वतःच्या इमारतीत काहीच बिघडलं नव्हतं.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. हल्लेखोर सॉफ्टवेअर जोडलेल्या प्रत्येक डिस्कवर पोचतं. म्हणून एक प्रत अशी हवी, जी तार काढून, बाजूला, कपाटात आहे. आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीला लेखी विचारा: तुमचं केंद्र बंद पडलं तर आमचं काम किती तासांत कुठून सुरू होईल? ते तुम्ही शेवटचं कधी करून दाखवलंत? ‘आमच्याकडे डीआर साइट, म्हणजे पर्यायी केंद्र, आहे’ हे उत्तर पुरत नाही. चेन्नईचं केंद्रही होतंच.

हे सगळं करायला किती खर्च, हा प्रश्न संचालकांच्या बैठकीत पहिला येतो, आणि तो रास्त आहे. ठेवीदारांचा पैसा आहे. पण खर्चाचा आकडा आपण ठरवलेल्या दोन उत्तरांवर अवलंबून असतो, आणि ती उत्तरं संगणक विभागानं द्यायची नसतात. एक: संस्था किती वेळ बंद राहिलेली चालेल? दोन: पुन्हा सुरू होताना किती मागे गेलेलं चालेल? पतसंस्थेत बॅकअप रात्री दहाला निघतो, पिग्मीचा भरणा संध्याकाळी सात-आठला येतो. साडेनऊला सर्व्हर गेला तर त्या दिवसाची पिग्मी कोणाच्या खात्यात आहे? एजंटाच्या मशीनमध्ये आणि गिऱ्हाईकाच्या हातातल्या पावतीत. एवढा एक दिवस पुन्हा भरणं जमेल का? जमत असेल तर रात्रीची प्रत पुरे. दूध संघाचं तसं नाही. म्हैस सकाळ-संध्याकाळ दूध देते, सर्व्हर सुरू व्हायची वाट बघत नाही. तिथे फॅट आणि लिटर हातानं लिहायची वही प्रत्येक संकलन केंद्रावर तयार हवी. रुग्णालयात अपघात विभागाला दहा मिनिटंही फार. हिशेब विभाग तीन दिवस थांबला तरी कोणी मरत नाही. सगळ्याला सारखं संरक्षण द्यायला गेलात तर पैसे पुरणार नाहीत आणि योजना बासनात जाईल. आधी काय, मग काय, आणि काय बुडालं तरी चालेल, हे ठरवायला धाडस लागतं. ते संचालकांनीच दाखवायचं.

लहान संस्थांसाठी मला एक मार्ग दिसतो. सांगलीच्या पतसंस्थेनं लातूरच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या पतसंस्थेशी करार करावा: तुमची एक प्रत कुलूपबंद, सांकेतिक स्वरूपात आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. अडचणीच्या वेळी दोन टेबलं आणि दोन संगणक एकमेकांना. सहकारात हे जमायला हवं. जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या संघटनांनी या कराराचा एक साधा मसुदा करून दिला, तर शेकडो संस्था तो वापरतील. मोठं केंद्र उभारायला कोट्यवधी लागतात. याला बहुधा दोन एस.टी.ची तिकिटं आणि एका वकिलाची फी लागेल.

शेवटची विनंती, आणि हे पत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे. ७ जूनच्या आधीचा एक रविवार मला, म्हणजे तुमच्याच संस्थेला द्या. शेअर बाजारांनी २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी पर्यायी केंद्रावरून प्रत्यक्ष व्यवहार करून पाहिले, खऱ्या पैशांनी, खऱ्या ग्राहकांसह. त्यांना जमतं ते आपल्याला जमेल. सकाळी दहाला मुख्य शाखेचा सर्व्हर बंद करायचा. संगणक विभागाच्या माणसाला त्या दिवशी सुट्टी द्यायची आणि फोन बंद ठेवायला सांगायचा. हे महत्त्वाचं आहे. मग उरलेल्यांनी लिफाफा उघडून, कागद वाचून, दुसऱ्या शाखेत शनिवारची प्रत उतरवायची आणि तेरीज जुळवायची. ते होईपर्यंत काउंटरवर पावतीपुस्तकानं काम करायचं: दहा सभासदांना बोलवा, पाच जणांकडून भरणा घ्या, पाच जणांना पैसे द्या. सर्व्हर नसताना खात्यात किती शिल्लक आहे हे कसं कळणार? आदल्या रात्रीची शिल्लक यादी छापलेली आहे का? सर्व्हर नसताना एका खातेदाराला जास्तीत जास्त किती द्यायचे, हे कोणी ठरवलंय? १९ जुलै २०२४ ला जगभरचे संगणक एका सदोष अपडेटनं निळे पडले, तेव्हा आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. ते जमलं, कारण हातानं काय लिहायचं हे तिथल्या लोकांना माहीत होतं.

पहिल्या रविवारी हे जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी अशा सात-आठ रंगीत तालमींना हजर होतो. पहिल्या फेरीत एकही सुरळीत झाली नाही. कुठे लिफाफ्यातला पासवर्ड जुना निघाला, कुठे दुसऱ्या शाखेतल्या संगणकात जागाच कमी पडली, एके ठिकाणी पावतीपुस्तकांवर जुना पत्ता होता. त्या दिवशी दुपारपर्यंत सगळे घामाघूम होते, पण बाहेर ऊन होतं, वीज होती, आणि चूक दुरुस्त करायला तीन आठवडे हातात होते.

तालमीला एक तरी संचालक पूर्ण वेळ हजर असावेत. फक्त नारळ फोडायला नको. दहा वाजता या आणि तेरीज जुळेपर्यंत बसा. काय अडलं ते तुमच्या हातानं लिहा. आणि अहवालातल्या त्या ओळीच्या जागी या वर्षी ती तारीख छापा: अमुक दिवशी बॅकअप उतरवून पाहिला, इतके तास लागले, इतक्या त्रुटी निघाल्या, त्यातल्या इतक्या दुरुस्त केल्या. त्रुटी छापायला संकोच वाटेल. सभासद म्हणून मी सांगतो, वार्षिक सभेत त्या ओळीवर मी हात वर करून अभिनंदनाचा ठराव मांडेन.

माझे सगळे रविवार ७ जूनपर्यंत मोकळे ठेवले आहेत. निरोप आला की येतो. येताना दुसरी मशीन मी आणीन. प्रत आणि लिफाफा तुम्ही तयार ठेवा.

कळावे, लोभ असावा,

आपला
नदीकाठचा एक सभासद